झोपेत थांबणारा श्वास नुसत्या ऑक्सिजनने सुरू होत नाही

‘झोपेत श्वास विसरणाऱ्या बाळाची फुप्फुसे कमजोर असतात, घरी ऑक्सिजन लावावा, वय वाढले की त्रास आपोआप जातो आणि हा नात्यातल्या लग्नाचा परिणाम आहे,’ अशा आशयाचा मजकूर पालकांमध्ये सर्रास पुढे पाठवला जातो. जन्मजात केंद्रीय अल्पश्वसन विकार, म्हणजेच सीसीएचएस, असलेल्या बाळाच्या घरी तो खरा मानला गेला, तर प्रसंग जिवावर बेतू शकतो.

फुप्फुसे या बाळांत बहुधा निरोगी असतात. श्वासाचे नियमन करणाऱ्या मज्जासंस्थेच्या भागात दोष असतो आणि त्याचे मूळ फॉक्स-टू-बी या जनुकात आहे, हे २००३ मध्ये उलगडले. एरवी त्यावरून बनणाऱ्या प्रथिनात अ‍ॅलॅनिन या अमिनो आम्लाची सलग २० पुनरावर्तने असतात. बहुतेक रुग्णांत ती २४ ते ३३ आढळतात.

ऑक्सिजनचा सल्ला सर्वांत घातक आहे. एरवी झोपेत रक्तातला कार्बन डायऑक्साइड थोडा जरी वाढला, तरी मेंदू श्वास वाढवतो; या बाळांत तसे घडत नाही. श्वास उथळ होत जातो, तरी ना धाप लागते, ना नाकपुड्या फुलतात, ना बाळ दचकून जागे होते. ओठ निळसर पडलेले असतानाही ते शांत निजलेले दिसते. अशा वेळी नुसता ऑक्सिजन दिला, तर पायाच्या अंगठ्याला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९८ दिसू शकते आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण हवेची ये-जा वाढलेली नसल्याने कार्बन डायऑक्साइड साचतच राहतो. बाळाला गरज असते ती श्वास देणाऱ्या यंत्राची: गळ्याला छिद्र करून जोडलेला व्हेंटिलेटर, थोडे मोठे झाल्यावर मास्कवाटे दाबाने हवा देणारे बायपॅप यंत्र, तर काहींना श्वासपटलाच्या मज्जातंतूला चेतना देणारा पेसर. गाडीत लागलेली दहा मिनिटांची डुलकीही झोपच असते, हे शेजारी बसलेल्याने विसरू नये.

वय वाढल्यावर आजार जातो, हेही खरे नाही. काही मुलांची गळ्याची नळी काढून मास्कवर भागते, यावरून हा समज पसरला असावा. परंतु जनुकातला बदल जन्मभराचा असतो आणि झोपेतला आधारही.

राहिला नात्यातल्या लग्नाचा आरोप, जो बहुतेकदा आईच्या माथी येतो आणि म्हणूनच मला अत्यंत अन्यायकारक वाटतो. नात्यातल्या लग्नाने धोका वाढतो तो मुख्यतः आई-वडील दोघांकडूनही सदोष प्रत यावी लागणाऱ्या आजारांचा; इथे फॉक्स-टू-बीची एकच सदोष प्रत आजारास पुरेशी असते आणि बहुतेक बाळांत हा बदल नव्यानेच घडलेला असतो. मात्र काही घरांत तो आई किंवा वडिलांच्या मोजक्या पेशींत, कोणताही त्रास न देता, दडलेला असतो. त्यामुळे पुढच्या अपत्याचा विचार करण्यापूर्वी दोघांनीही जनुकीय तपासणी करून घ्यावी.