न्याय दोनदा कशाला?

दोन नोव्हेंबर, मृतांचा दिवस. दफनभूमीतली मिस्सा, म्हणजे चर्चची सामुदायिक उपासना, आटोपून आम्ही नेहमीच्या कट्ट्यावर येऊन बसलो, तेव्हा बोटांना मेणाचा वास होता आणि चपलांना ओली माती. मास्तर, वकील, अण्णा आणि मी. अण्णा मूळचा माण तालुक्यातला, इथे वसईत गवंडीकामाचे ठेके घेतो. आमच्यात तो एकटाच हिंदू, पण बाबा गेल्यापासून दर वर्षी या दिवशी त्यांच्या थडग्यावर झेंडूचा हार घेऊन येतो.

विषय त्यानेच काढला. "बाबांच्या शेजारी ते संगमरवरी थडगं आहे, तो तोच ना?"

तोच. बाबांना चार गोड शब्द बोलून कोऱ्या कागदावर सही घेतली आणि आमची वाडी घशात घातली. केळी तोडली, बावखल, म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, भरावाने बुजवलं, वर इमारत उभी केली. म्हातारपणी त्याने चर्चला मोठी देणगी दिली आणि शेवटचे संस्कार घेऊन, नातवंडांच्या गराड्यात शांतपणे गेला. बाबा मात्र भाड्याच्या खोलीत गेले.

"मग तुमच्या हिशेबात तो आता कुठे?" अण्णा म्हणाला. "आमच्यात बरं आहे. केलं ते फेडायचं, या जन्मी नाही तर पुढच्या."

मास्तर म्हणाले, "चर्चने कितीतरी संतांची नावं जाहीर केली, की हे स्वर्गात आहेत. अमका नरकात आहे, असं मात्र आजवर एकाचंही नाव घेतलेलं नाही. येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कार्योतचंही नाही."

"नाव नसेल, पण कसोटी लिहून ठेवली आहे," वकील म्हणाला. "बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय. शेवटच्या न्यायाच्या वेळी राजा सगळ्यांना समोर उभं करतो आणि मेंढपाळासारखा निवडतो. मेंढरं उजवीकडे, शेरडं डावीकडे."

अण्णाचे डोळे चमकले. त्याच्या गावाकडे धनगरांच्या कळपात दोन्ही असतात. "दिवसभर एकत्र चरतात रे. लांबून बघणाऱ्याला सगळा एकच कळप."

"आणि राजा विचारतो काय?" वकील पुढे म्हणाला. " भुकेल्याला खायला घातलंस का, उघड्याला कपडा दिलास का, आजाऱ्याकडे, तुरुंगातल्याकडे गेलास का. देणगीची पावती कोणी मागत नाही. उजवीकडचेही चकित होतात, डावीकडचेही. दोघं एकच विचारतात, प्रभू, तू आम्हाला भुकेला कधी दिसलास? चांगलं करणाऱ्यांनीसुद्धा हिशेब ठेवलेला नव्हता."

मी म्हटलं, "मग प्रश्नच मिटला. त्याने भुकेल्याला दिलं तर नाहीच, उलट त्याच्या ताटातलं काढून घेतलं."

मास्तर लगेच काही बोलले नाहीत. त्यांनी येशूने सांगितलेली द्राक्षमळ्याची गोष्ट काढली. मालक पहाटे नाक्यावर जाऊन मजूर आणतो, मग नऊला, बाराला, तिनाला, अगदी पाचला जाऊनही आणतो. संध्याकाळी शेवटच्यापासून मजुरी वाटायला लागतो आणि सगळ्यांच्या हातावर एकेक दिनार ठेवतो. एक दिनार म्हणजे तेव्हाची दिवसभराची मजुरी.

"मी असं केलं ना," अण्णा उसळून म्हणाला, "तर दुसऱ्या दिवशी सकाळी आठला नाक्यावर एक माणूस दिसणार नाही!"

"पाचला उभे होते ते काय म्हणाले ठाऊक आहे? आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही."

अण्णा गप्प झाला. नाका त्याच्याइतका आमच्यापैकी कोणाला माहीत नाही. अकरानंतर तिथे कोण उरतं ते तो रोज बघतो. ज्याचे केस पांढरे झालेत तो, हाताला फडकं बांधलेला तो, थापी फाटक्या पिशवीत घालून उभा असलेला तो. थोड्या वेळाने तोच हळू आवाजात म्हणाला, "घरची खाणारी तोंडं मात्र तेवढीच असतात."

ही गोष्ट मला फार प्रिय आहे. पण त्या संगमरवराखालच्या माणसाला ती लागू करू द्यायला मी तयार नव्हतो, आजही नाही. तो काम न मिळालेला मजूर नव्हता, दुसऱ्याची मजुरी पळवणारा होता. मास्तर म्हणाले, "येशूच्या शेजारी क्रुसावर चढवलेला चोर? त्याला तर येशूने त्याच दिवशी सुखलोक दिला." मी म्हटलं, "दिला. पण मरताना तो सगळ्यांदेखत बोलला की आम्ही आमच्या करणीचं फळ भोगतो आहोत. हा बाबांसमोर एकदा तरी बोलला का?"

तेव्हा वकिलाने जे विचारलं ते अजून डोक्यातून जात नाही. "आपल्यात न्याय दोनदा होतो. मेल्या मेल्या प्रत्येकाचा वेगळा, आणि जगाच्या शेवटी सगळ्यांचा मिळून. खटला एकदा निकाली निघाल्यावर पुन्हा कशाला?"

मास्तरांनी तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडिताचं उत्तर सांगितलं. माणूस मरतो, पण त्याच्या करणीचा परिणाम मरत नाही. तो मुलाबाळांत, लोकांच्या आठवणीत, मागे राहिलेल्या कामांत चालूच राहतो. म्हणून पुरता हिशेब शेवटच्या दिवसाशिवाय लागत नाही.

मला एकदम आमचं बावखल दिसलं. ते बुजलं तेव्हा फक्त आमचं नुकसान झालं असं वाटलं होतं. पुढे शेजारच्या विहिरींचं पाणी मचूळ होत गेलं आणि पावसाळ्यात आळीत गुडघाभर पाणी साचायला लागलं. ज्यांनी त्या माणसाचं तोंडही पाहिलेलं नाही ती पोरं आज टँकरच्या रांगेत उभी असतात. तो जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी त्याचं काम अजून चालू आहे. मास्तरांना म्हटलं, तो जळावा असं मला वाटत नाही, खरंच नाही. मला तो दुसरा न्याय हवा आहे. बाबा समोर उभे असतील, ती पोरं असतील, आणि काय केलं ते त्याला सगळ्यांदेखत ऐकावं लागेल.

"आणि त्यानंतर त्याला क्षमा झाली तर?" मास्तरांनी विचारलं.

मी जक्कयाचं नाव घेतलं. त्या जकातदाराने येशूला घरी घेतलं आणि उभं राहून सांगितलं, फसवून घेतलं असेल ते चौपट परत देतो. घरात तारण आलं ते त्यानंतर. लुबाडलेलं परत करायला हवं, हे चर्चही शिकवतंच.

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "पण मेलेल्याच्या हातात आता परत द्यायला काय आहे? क्षमा झाली तरी स्वर्गात जाण्याआधी झिजून शुद्ध व्हायचं राहतं, ते झिजणं म्हणजे पर्गेटरी. तिथे त्याला स्वतःला काही करता येत नाही. इथल्यांच्या प्रार्थनेचा मात्र उपयोग होतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याच्यासाठी एक मिस्सा ठेवशील का?"

"त्याच्या मुलांनी आधी बावखल उपसून द्यावं," मी म्हणालो.

"त्याच्या मुलांबद्दल मी विचारलं नाही," मास्तर म्हणाले आणि काठी घेऊन उठले.