मामाचा गाव आणि अम्मावनचं घर

परवा फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड परत आला. "केरळमधे पूर्वापार मातृसत्ता, घराची मालकीण बाई, म्हणून ते लोक पुढे गेले." खाली नारळाच्या झाडांचा फोटो आणि तीन हात जोडलेले. तिथे काही बोलले नाही, कारण तिथे बोललं की मावशी फोन करते. इथे बोलते. पोस्ट लांब होणारे, चहा घेऊन बसा.

मी तीन वर्षं कोचीला नोकरीला होते. शेजारच्या टेबलावर एक चेची, म्हणजे ताई, बसायची, माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठी, मला "मोळे" म्हणायची म्हणजे आपल्याकडे बाळा म्हणतात तसं. एकदा डबा खाताना मी तिला रंगवून सांगत होते की आमच्याकडे मे महिना म्हणजे मामाचा गाव, मामीच्या हातचं शिकरण, मामा खांद्यावर बसवून जत्रेला नेणार, इतकंच काय माझ्या लग्नात मला हाताला धरून बोहल्यावर पण मामानेच आणलं. ती मासे निवडून खात शांतपणे ऐकत होती आणि मग म्हणाली, मोळे, आमच्या आजोळी अम्मावन आला की आम्ही पोरं मागच्या दाराने विहिरीकडे पळायचो, आणि आजी, जी त्याची सख्खी बहीण, ती दाराआडून बोलायची.

अम्मावन म्हणजे मामा, चेचीच्या या गोष्टीतला तिच्या आईचा मामा. तिथली आजची पोरं इंटरनेटवर "अम्मावन" हा शब्द शिवीसारखा वापरतात, उपदेश करणारा, मुलींच्या कपड्यांवर बोलणारा, "आमच्या काळी" वाला जो कुणी असेल तो अम्मावन. आपल्याकडे मामा करणं म्हणजे फसवणं आणि मामा म्हणजे पोलीस, पण असा दरारा नाही त्या शब्दात. (कंस आणि शकुनी कमेंटमधे येणार हे मला माहितीये, येऊ द्या.)

तर त्या डब्यानंतर मी मल्याळम कथा-कादंबऱ्या वाचायला लागले, अर्थात भाषांतरातून, माझं मल्याळम बसच्या पाट्या वाचण्यापुरतंच. आणि वाचता वाचता माझं एक मत झालं, ते पटो न पटो, की या साहित्यातला सगळ्यात टिकाऊ व्हिलन जमीनदार नाही, इंग्रज नाही, सासू तर नाहीच नाही. तो मामा आहे.

का, ते समजायला त्यांची जुनी घरव्यवस्था समजून घ्यावी लागते. नायर आणि तिथल्या आणखी काही समाजांत मरुमक्कत्तायम होतं, म्हणजे वारसा बहिणीच्या मुलांकडे जाणार. बाई बहुतेक ठिकाणी लग्न होऊन सासरी जातच नाही. नवरा रात्री जेवणानंतर तिच्या घरी येतो आणि सकाळी आपल्या आईच्या घरी परत जातो, या नात्याला संबंधम म्हणायचे आणि त्याचा विधी म्हणजे बहुतेक ठिकाणी बाईला एक वस्त्र देणं, संपलं. पोरं आईच्या घरची, त्या घराला तरवाड म्हणतात. बापावर पोरांचा काही हक्क नाही आणि बापाची काही जबाबदारीही नाही. मग त्या पोरांच्या पाटीपेन्सिलीचे पैसे कोण देणार? घरातला सगळ्यात वयस्कर पुरुष, म्हणजे आईचा भाऊ किंवा तिचा मामा. तो कारणवर. शब्द आपल्या कारभाऱ्याच्या जवळचा वाटतो ना, आणि काम तर तेच. कोठाराची किल्ली त्याच्या कमरेला.

म्हणजे घर बाईच्या नावाने चालतं, वंश बाईचा, पण भाताचं माप मामाच्या हातात. याला मातृसत्ता म्हणायचं? वंश आईकडून मोजणं वेगळं आणि आईच्या हातात सत्ता असणं वेगळं. एवढं साधं आहे पण फॉरवर्डवाल्यांना कोण सांगणार.

आता न्यायाने बोलायचं तर त्या बायकांना काही गोष्टी होत्या ज्या आपल्या पणज्यांना नव्हत्या. नवरा मेला म्हणून डोकं भादरायचं नाही. नवरा नकोसा झाला तर संबंध मोडता यायचा. नवरा नाही म्हणून राहतं घर कुणी काढून घेत नव्हतं. इथे त्याच काळात हरिभाऊ आपट्यांची यमू काय भोगत होती ते आपण वाचलंय. त्यामुळे मी त्या व्यवस्थेला नुसती नावं ठेवत नाहीये. पण बाई स्वतंत्र होती असं म्हणणाऱ्यांनी १८८९ ची "इंदुलेखा" वाचावी. लिहिणारे ओ. चंदू मेनन इंग्रजांच्या कोर्टात मुन्सफ होते, हे सगळे भाऊबंदकीचे दावे रोज समोर येत असणार. कादंबरीत भांडण सुरू कशावरून होतं, तर घरातल्या एका लहान पोराला इंग्रजी शिकवायला घराने पैसे द्यायचे की नाही. तरणा माधवन म्हाताऱ्या कारणवरला उलट बोलतो, आणि म्हातारा रागाच्या भरात शपथ घेतो की तुझं जिच्यावर प्रेम आहे ती इंदुलेखा तुला देणार नाही. मग तिच्यासाठी एक श्रीमंत, वयस्क, बायकांच्या मागे लागणारा नंबुदिरी, म्हणजे तिथला ब्राह्मण, बोलावला जातो. इंदुलेखा शिकलेली, ती त्याला असं काही घुमवते की वाचताना हसून पुरेवाट.

पण मला खटकली ती पुढची गोष्ट. इंदुलेखा मिळत नाही म्हटल्यावर अब्रू राखायला तो नंबुदिरी त्याच घरातल्या कल्याणीकुट्टी नावाच्या एका कोवळ्या पोरीला घेऊन जातो. तिला कुणी विचारत नाही, रातोरात उरकतात. इंदुलेखाचं कौतुक सगळे करतात, कल्याणीकुट्टीचं पुढे काय झालं हे विचारणारं फारसं कुणी मला तरी भेटलं नाही. घरात एक इंग्रजी शिकलेली बाहेर निघते आणि तिच्या वाटचं दुसरीच्या गळ्यात पडतं. मेनननी हे मुद्दाम केलं की सहज झालं माहिती नाही, मला ते मुद्दामच वाटतं. पुढे १८९१ मधे सरकारने मलबारच्या (केरळचा उत्तर भाग) विवाहांवर कमिशन नेमलं त्यात हेच मेनन सभासद होते, आणि १८९६ मधे संबंधमची नोंदणी करून त्याला कायदेशीर लग्न करायची सोय झाली. फार कमी लोकांनी नोंदणी केली. कायदा आला म्हणून मामा किल्ली थोडीच सोडतो.

आणि हे नंबुदिरी रात्री नायर घरांत का जात होते? कारण त्यांच्यात फक्त थोरल्या मुलाने जातीत लग्न करायचं, म्हणजे इस्टेट फुटत नाही. धाकट्यांनी संबंधम करायचे. मग नंबुदिरी घरातल्या मुलींचं काय? एकतर तीन-चार सवतींत दिलेली, नाहीतर जन्मभर बिनलग्नाची. त्या बायकांना अंतर्जनम म्हणायचे, आत राहणारी माणसं. आपल्या माजघराची आठवण येते, फक्त माजघरातून पाणवठ्यावर तरी जाता यायचं, इथे बाहेर पडायचं तर छत्रीने तोंड झाकून आणि दासी सोबत घेऊन. त्याच घरांतून आलेल्या ललितांबिका अंतर्जनम यांनी पुढे "अग्निसाक्षी" लिहिली, १९७६ ला. आडनावाच्या जागी तो "आतली" शब्द शेवटपर्यंत ठेवला आणि सगळं आतलं बाहेर आणून ठेवलं. म्हणजे एका बाजूला बाईचं घर, एका बाजूला बापाचं घर, आणि दोन्हीकडे दार बाईवरच बंद.

मला सगळ्यात जास्त आत घुसली ती एम. टी. वासुदेवन नायरांची "नालुकेट्टु", १९५८ ची. नालुकेट्टु म्हणजे आपला चौसोपी वाडा समजा, मधे चौक आणि चार बाजूंनी घर. नायक अप्पुण्णीच्या आईने मनाने लग्न केलं म्हणून ती घराबाहेर, बाप लहानपणीच मेलेला आणि गाव म्हणतं की सैदाली कुट्टीने विष घातलं. पोर एका बाजूला मोठं होऊन सैदालीचा जीव घ्यायची स्वप्नं बघतं आणि दुसऱ्या बाजूला त्या वाड्याची, की ते माझं घर आहे. जातो तिथे. थोरला मामा हाकलून देतो. आणि पुढे त्याला नोकरीला कोण लावतं? सैदाली कुट्टी! ज्याला मारायचं होतं तो. हे वाचून मी पुस्तक मिटून गच्चीवर जाऊन उभी राहिले होते. पुढे पैसे कमवून तो तेच घर विकत घेतो, आईला आणतो, ती त्या अंधाऱ्या घरात घाबरलेली, आणि तो म्हणतो की हे पाडून टाकू, इथे हवा आणि उजेड येईल असं लहान घर बांधू.

आपल्याकडे वाडा म्हटलं की एलकुंचवारांचा "वाडा चिरेबंदी" आठवतो, तिथेही वाडा पडतोय, पण पडताना आपल्याला हुंदका येतो. एम.टी.ना हुंदका येत नाही असं नाही, पण त्यांचा नायक पहार मागतो. मला हा फरक फार मोठा वाटतो. आम्ही मराठी लोक जुन्या वाड्याचे फोटो टाकून "गेले ते दिवस" लिहितो, आणि त्या वाड्यात कुणाची आत्या अंधाऱ्या खोलीत मेली ते लिहीत नाही.

बरं आणि त्या कोठारातलं भात पिकवलं कुणी? ते मामानेही नाही आणि आईनेही नाही. ते कुट्टनाडच्या, म्हणजे तिथल्या भातशेतीच्या सखल भागातल्या, चिखलात पुलयन जातीच्या मजुरांनी, ज्यांना वाड्याच्या जवळपासही फिरकता येत नव्हतं. तकळी शिवशंकर पिळ्ळे यांची १९४८ ची कादंबरी "रंटिडंगळी" त्यांच्यावर आहे, नावाचा अर्थच दोन मापं भात. मजुरी. तरवाडाच्या दुःखावर हजार पानं लिहिली गेली आणि त्या मानाने या दोन मापांवर कमी, ही माझी मल्याळम साहित्याबद्दलची तक्रार आहेच. आदिवासी माणसाने स्वतः आपल्या समाजावर लिहिलेली नारायण यांची "कोच्चरेत्ती" यायला १९९८ उजाडलं.

मुसलमान घरांचं वैक्कम मुहम्मद बशीर या लेखकाकडे वाचा, आणि पोट धरून वाचा. त्यांच्या एका कादंबरीत आई उठसूट सांगते की आमच्या बाबांच्या दारी हत्ती होता, थेट आपलं "दारी हत्ती झुलत होते". शेवटी पोरं बोंबलत सांगतात, हत्ती नव्हता, कुळियाना होता! मातीत खड्डा करून बसणारा एक किडा असतो, मुंग्या खाणारा, त्याला मल्याळममधे खड्ड्यातला हत्ती म्हणतात. माझ्या माहेरच्या निदान चार माणसांना हे पुस्तक भेट द्यायचंय. नाव नका विचारू, "न्टुप्पुप्पाक्कोरानेण्टार्न्नु", मी ते आठवडाभर पाठ केलं आणि तरीही चेचीने माझा उच्चार पास केला नाही.

एकत्र कुटुंबाची ती पद्धत केरळने १९७५ च्या कायद्याने मोडली. संपलं? चेचीला विचारलं तर ती हसली. तिचा बाप गल्फमधे. दोन वर्षांतून एकदा महिनाभर यायचा, टेपरेकॉर्डर आणि अत्तर घेऊन, आणि परत जायचा. शाळेच्या प्रगतीपुस्तकावर सही कुणाची? अम्मावनची. कॉलेजला कुठे जायचं हे ठरवलं कुणी? अम्मावनने. संबंधमचा नवरा सकाळी जायचा, हा दोन वर्षांसाठी जायचा, मधल्या वेळात किल्ली परत तिथेच. बेन्यामिनच्या "आडुजीवितम" या गल्फमधे गेलेल्या मजुराच्या कादंबरीबद्दल सगळे वाळवंटात अडकलेल्या नजीबबद्दल बोलतात, बरोबरच आहे, माणूस वाचताना तहानेने कोरडा पडतो. पण चेची म्हणाली, ती गरोदर बायको मागे ठेवून गेलाय ना तो, मला तिची गोष्ट वाचायचीये, तिच्या घरात निर्णय कोण घेत होतं ती.

मागच्या वर्षी आम्ही सगळे केरळला फिरायला गेलो, माझा मामा पण होता, आता पंचाहत्तरीचा. आता तिकडे जुनी नालुकेट्टु घरं खांब-तुळया सुटे करून रिसॉर्टमधे परत उभी करतात, तशाच एका ठिकाणी उतरलो. व्हरांड्यात कारणवर लोकांची ती आरामखुर्ची, लांब हातांची, पाय वर टाकायला. मामा गेला तो थेट त्यात आडवा झाला, पाय वर, आणि मामीला हाक मारली, "अगं ए, चहाचं बघ जरा." मी फोटो काढून चेचीला पाठवला.

पाच मिनिटांनी उत्तर आलं, चार हसरे चेहरे, आणि खाली, "मोळे, त्यांना आधी तिथून उठव."

उठवलं. चहा त्याने स्वतः जाऊन आणला, साखर जास्त झाली होती.