भडंगातली लिली

आमच्या गच्चीवर दोन लिल्या आहेत. एक आईची, लालभडक. माहेराहून, गडहिंग्लजहून लुगड्याच्या गाठोड्यात घालून आणलेली. कुंडी तडकेपर्यंत कांदे वाढवते, पण फुलायचं विसरत नाही. दुसरी माझी, पांढऱ्यावर लाल रेघांची, ऑनलाइन मागवलेली. तिच्या एका कांद्याच्या पैशात लक्ष्मीपुरीतनं पंधरा किलो कांदे आले असते, हे आई दर चैत्रात न चुकता सांगते.

यंदा दोघी एकाच आठवड्यात फुलल्या आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. कुठंतरी वाचलं होतं, १७९९ साली इंग्लंडात प्रेस्कॉट गावच्या आर्थर जॉन्सन नावाच्या घड्याळजीनं अशाच दोन लिल्यांचा संकर केला. एक लाल, एक रेघांची. त्या झाडाला त्याचं नाव लागलं ते आजतागायत आहे. तो बिचारा घड्याळांचं काम करून उरलेल्या वेळात हे उद्योग करायचा. मी तर रिटायर माणूस.

काम सोपं वाटतं, पण लिली घाई चालवून घेत नाही. फूल उमललं की आधी पिवळा पराग सुटतो. मधली लांब दांडी तेव्हा मख्खासारखी बंद असते. एक-दोन दिवसांनी तिचं टोक तीन फाट्यांत उलगडतं, तेव्हा पराग टेकवायचा. नातवाच्या रंगपेटीतला ब्रश घेऊन मी पहाटे गच्चीवर ओणवा झालो होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "माझ्या लिलीला काय लावालायस रं?"

"बी धरायला पाहिजे, आई."

"कांदं हायत की ढीगभर! बी कशाला?"

याला उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

फूल सुकलं, पण देठाशी हिरवी गाठ फुगत गेली. आवळ्याएवढी झाली, तीन कप्पे वरूनच ओळखू यायला लागले. बोंड तयार व्हायला महिना-सव्वा महिना लागतो आणि ते कुणाला न विचारता उकलतं. आतलं बी इतकं हलकं, की वाऱ्याची झुळूक आली की गेलं. म्हणून बोंडाला पिशवी बांधायची. हळदीकुंकवाच्या जाळीच्या पोटल्या द्यायला बायकोनं साफ नकार दिला. शेवटी माझा काळा मोजा चढवला. खालच्या मजल्यावरच्या काकांनी मान वर करून तो दोन दिवस न्याहाळला. तिसऱ्या दिवशी जिन्यात अडवलं. "दृष्ट लागू नये म्हणून बांधलासा व्हय? आमच्या टोमॅटोलाबी बांधतो मग."

मेच्या शेवटी बोंड पिवळं पडलं. त्या दुपारी जोतिबाच्या बाजूला आभाळ काळं झालं, तसा मी कात्री घेऊन धावलो. बोंड सोलल्यावर मात्र सगळं सार्थकी लागल्यासारखं वाटलं. तिन्ही कप्प्यांत काळ्या, चपट्या बिया, पापडांच्या चवडीसारख्या एकावर एक. कागदासारख्या पातळ. एकेक उजेडात धरून पाहिली. मधे किंचित फुगवटा असेल तर जीव आहे, नसेल तर फोलपट. त्रेसष्ट भरल्या. सोप्यात पेपरवर वाळत घातल्या.

त्याच सोप्यात दुसऱ्या पेपरवर बायकोनं भडंग निवत ठेवलं होतं. लेक पुण्याला निघाली होती, तिच्यासाठी. लसूण मुबलक, तिखट आमच्या हाताचं. वळवाबरोबर लाइट गेली. पंख्याचं बटण चालूच होतं, पाचावर. पाऊण तासानं लाइट आली.

पुढचं एका सेकंदात झालं. आजही कुणी कबूल करत नाही की बटण कुणी चालू ठेवलं होतं.

"जाऊ दे, काळं तीळ म्हणून खाऊन टाकू," आई म्हणाली. मग मला सांगावं लागलं, की लिलीच्या कांद्यात लायकोरिन नावाचं विष असतं, पोटात गेलं की ओकाऱ्या होतात. बियांच्या बाबतीत मला परीक्षा बघायची नाही. घर गप्प झालं. "म्हंजे तू घरात इख वाळत घातलंस व्हय, पंख्याखाली?" मी चिमट्यानं एक्केचाळीस बिया वेचल्या. दोन किलो भडंग गेलं. आमच्या घरात ती तारीख वर्षश्राद्धासारखी पाळली जाणार, हे मला बायकोच्या पाठीकडं बघूनच कळलं.

लिलीचं बी ताजं असतानाच घालायचं असतं. पाण्यावर तरंगत ठेवलं तरी दोन-तीन आठवड्यांत मूळ सोडतं. नऊ बिया मी श्रीखंडाच्या डब्यात कोकोपीटवर टाकल्या, बत्तीस परातीत पाण्यावर सोडल्या आणि परात गच्चीत सावलीला ठेवली. अकराव्या दिवशी काहींना पांढरा ठिपका दिसला. त्याच दिवशी मी अंघोळीला गेलो असताना डासांच्या आळ्या बघणाऱ्या ताई आल्या. बाहेर येतो तर परात पालथी, भिंतीवर खडूनं तारीख, आणि ताई जिना उतरताना सांगतायत, "आजोबा, पाणी साठवायचं न्हाई हं."

बत्तीसच्या बत्तीस पन्हळीतनं खाली. ताईंचं काही चुकलं नव्हतं, हेच जास्त लागलं.

जूनमध्ये झड लागली. श्रीखंडाच्या डब्यातल्या नऊपैकी सात उगवल्या, दोऱ्याएवढ्या हिरव्या. फूल यायला अजून तीन वर्षं तरी, रंग कसला निघेल ते कुणीच सांगू शकत नाही. मी रोज दोनदा झाकण उघडून बघत होतो. बहुधा म्हणूनच बुरशी आली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सातही आडव्या.

परवा भाजी आणायला खाली उतरलो, तर पन्हळीच्या तोंडाशी शेवाळात काका उकिडवे बसलेले. समोर कांद्याच्या पातीसारखी ताठ, हिरवीगार रोपं. मी मोजली. अकरा.

"गुरुजी, बघा की," काका म्हणाले, "काय लावलं न्हाई, काय केलं न्हाई. हाताला गुण असावा लागतो." आणि प्रत्येक रोपाशेजारी रोवलेल्या काडीला त्यांनी एकेक काळी चिंधी बांधली.