शांत मुलींची लक्षणंही लिहा

सतत चुळबुळ करणं, वर्गात जागेवरून उठणं, मध्येच बोलणं ही एडीएचडीची (लक्ष टिकवणं आणि चंचलपणा आवरणं अवघड जाण्याची अवस्था) लक्षणं तुमच्या लेखात छान समजावली आहेत. पण त्यात माझी मुलगी कुठेच बसली नसती. ती वर्गात अगदी शांत.

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. सकाळी व्हॅनवाले काका खाली हॉर्न वाजवायचे आणि ही एक मोजा पायात, दुसरा हातात धरून खिडकीबाहेर बघत बसलेली. वहीत फळ्यावरची चार गणितं उतरवलेली, पाचवं अर्धवट. शाळेचा शेरा ठरलेला, 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही.' मीही तिला आळशी म्हणत राहिले. तिसरी ते सहावी अशीच गेली, त्याचं फार वाईट वाटतं.

चित्र काढायला मात्र दोन-दोन तास बसायची, म्हणून सासूबाई म्हणायच्या, पोरीला काही झालेलं नाही. पण आवडीच्या कामात ही मुलं अशी रमतात, तेवढ्यावरून एडीएचडी नाही असं म्हणता येत नाही.

बालमानसोपचारतज्ज्ञांनी आधी कान-डोळे तपासून घेतले, झोपेबद्दल विचारलं, मग घर आणि शाळा दोन्हीकडून प्रश्नावली भरून घेतली. लक्षणं १२ वर्षांच्या आतच सुरू झालेली, किमान ६ महिने टिकलेली आणि एकाहून जास्त ठिकाणी दिसणारी असावी लागतात, हे तेव्हा कळलं. मुलींमध्ये हा लक्ष न लागण्याचा प्रकार जास्त दिसतो आणि त्यांचा वर्गात इतरांना त्रास होत नाही म्हणून निदान उशिरा होतं.

लेखात यावर एक परिच्छेद जोडाल का?