मारी आंत्वानेतवर टाळ्याखाऊ भाषण: एक सोपी कृती

परवा एका व्याख्यानमालेत 'सत्तेचा माज' या विषयावर बोलताना एका विद्वानांनी फ्रेंच राज्यक्रांती दहा मिनिटांत निकालात काढली. केक आला, हार आला, गिलोटिन आलं, टाळ्या आल्या. एवढ्याशा भांडवलावर एवढी कमाई होत असेल तर ही विद्या झाकून का ठेवावी? तेव्हा होतकरू वक्ते, स्तंभलेखक आणि भल्या पहाटे ग्रुपवर इतिहास सोडणारे काका, घ्या लिहून.

सुरुवात केकनेच करायची. 'भाकरी मिळत नसेल तर केक खा, असं फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत म्हणाली,' एवढं बोलून क्षणभर थांबायचं. सभागृह आपोआप हुंकार देतं. कधी म्हणाली, कुणासमोर म्हणाली, कुणी ऐकलं, या फंदात पडू नका. पडलात की घोटाळा होतो. ही गोष्ट येते विचारवंत रूसोच्या आत्मचरित्रात. तो भाग त्याने लिहिला १७६०च्या दशकात, आणि १७५५ साली व्हिएन्नात जन्मलेली आपली राणी तेव्हा तिथेच अभ्यासाची टाळाटाळ करत होती. फ्रान्सच्या भूमीवर तिचं पाऊल पडलं ते १७७०च्या मे महिन्यात. शिवाय रूसो नाव घेतच नाही, 'एक थोर राजकन्या' म्हणून मोकळा होतो. आणि खायला सांगितलेली वस्तू केक नसून ब्रिओश, म्हणजे लोणी-अंडी घातलेला पाव. अशीच गोष्ट चौदाव्या लुईच्या राणीबद्दलही सांगत असत. तीही परदेशी, स्पेनची. वाक्य तेच, राणी बदलते. ती बाहेरून आलेली असावी एवढीच अट. मारी आंत्वानेत जिवंत असताना तिच्यावर घाणेरड्यातली घाणेरडी पत्रकं छापली गेली, पण त्या लोकांनाही हे वाक्य तिच्या तोंडी घालायचं सुचलं नाही. तुम्हाला सुचलं. अभिनंदन.

यानंतर 'ऑस्ट्रियन' हा शब्द दर दोन वाक्यांआड पेरा. हे तंत्र खुद्द फ्रेंचांचं, त्यामुळे अस्सल. ऑस्ट्रियाशी दोस्ती करून फ्रान्स सात वर्षांच्या युद्धात उतरला आणि १७६३ साली कॅनडा घालवून बसला, हिंदुस्थानातली सद्दीही संपली. खापर फुटलं ऑस्ट्रियाच्या दोस्तीवर. ती दोस्ती टिकावी म्हणून चौदा वर्षांची पोर सून करून आणली. मग ती पांढऱ्या पायाची ठरणार नाही तर काय? ३० मे १७७० रोजी पॅरिसमध्ये लग्नाच्या आतषबाजीला चेंगराचेंगरी झाली, १३२ माणसं मेली. गर्दीचा बंदोबस्त शहराच्या अधिकाऱ्यांकडे होता, अपशकुन मात्र नव्या सुनेच्या नावावर जमा झाला. पुढे मूल होईना, दोष तिचा. नवराबायकोचा संबंधच मुळात आलेला नव्हता, हे १७७७ मध्ये तिच्या थोरल्या भावाने, सम्राट दुसऱ्या योझेफने, व्हर्सायच्या राजवाड्यात येऊन तिच्या नवऱ्याकडूनच, सोळाव्या लुईकडून, काढून घेतलं. डिसेंबर १७७८ मध्ये मुलगी झाली, तर कुजबुज सुरू: कुणाची?

ती जुगार खेळायची, हे सांगायला हरकत नाही. पण ते खरं आहे, तेव्हा फार ताणू नका. खरं बोलायची सवय लागेल.

कपड्यांबद्दल बोलताना दोन्ही डगरींवर हात ठेवा. उंची रेशीम घातलं तर उधळी. १७८३ मध्ये विजे-लब्रँ या चित्रकर्तीने तिचं साध्या पांढऱ्या मलमलीच्या झग्यातलं चित्र प्रदर्शनात मांडलं. डोक्यावर गवती हॅट, कमरेला झिरझिरीत पट्टा, हातात गुलाब, अंगावर एकही दागिना नाही. तर बोंब उठली, की राणी आतल्या कपड्यांवर बसली! वर लिऑनच्या रेशीमवाल्यांच्या पोटावर पाय दिल्याचा आरोप. चित्र उतरवून त्या जागी तशाच पवित्र्यातलं, रेशमी पोशाखातलं दुसरं लावावं लागलं. तुम्ही दोन्ही चित्रं दाखवा आणि दोन्हींवर नाक मुरडा.

व्हर्सायच्या बागेत हौसेने बांधून घेतलेलं तिचं खेडं जरूर घ्या, ते होतं, आजही आहे.

आता खजिना. 'राणीच्या चैनीने फ्रान्सचं दिवाळं वाजलं,' असं ठणकावून सांगा आणि आकड्यांच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. कारण १७८८च्या सरकारी हिशेबात खर्चाचा सुमारे निम्मा भाग नुसता कर्ज फेडण्यात जात होता, आणि सगळ्या दरबाराचा मिळून खर्च होता सहा टक्क्यांच्या आसपास. राणीने १७८५ मध्ये कपड्यांवर अडीच लाख लिव्रांहून (लिव्र म्हणजे तेव्हाचं फ्रेंच चलन) जास्त उडवले. तिला ठरवून दिलेली रक्कम होती १ लाख २० हजार. उधळपट्टीच ती, वकिली कोण करतंय? पण साठ कोटींच्या वरच्या सरकारी खर्चात हजारी एकही भरत नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्सने शंभर कोटींहून जास्त लिव्र ओतले, तेही बहुतेक कर्ज काढून. १७८१ मध्ये खजिना सांभाळणाऱ्या नेकेरने जो जमाखर्च छापला त्यातून युद्धाचा खर्च बाजूला ठेवून एक कोटीची शिल्लक दाखवली. १७८७ मध्ये त्याच जागेवर आलेल्या कालॉनने सरदार आणि धर्मगुरूंसकट सर्वांच्या जमिनीवर कर सुचवला, तेव्हा जमलेल्या प्रतिष्ठितांनी तो हाणून पाडला. पण 'प्रतिष्ठितांनी कर भरला नाही' या वाक्याला टाळ्या पडत नाहीत; पुढच्या रांगेत प्रतिष्ठित बसलेले असतात. त्यापेक्षा बाईचा झगा बरा.

आणि मग हार. मुख्य पदार्थ. 'राणीने सोळा लाखांचा हिऱ्यांचा हार घेतला आणि जनता उपाशी मेली.' इथे आवाज चढवायचा.

तो हार तिने घेतलाच नाही, ही बारीकशी अडचण आहे. बोमर आणि बासांज या सराफांनी तो जमवला पंधराव्या लुईच्या रखेलीवर, मादाम द्यु बारीवर, डोळा ठेवून. ६४७ हिरे, सुमारे २८०० कॅरट, किंमत १६ लाख लिव्र. राजा १७७४ मध्ये देवीच्या रोगाने गेला आणि सराफ मालासकट अडकले. नव्या राणीला त्यांनी हार दाखवला, तिने नको म्हटलं. मग आली जान द ला मोत नावाची बाई. कार्डिनल रोआँ हा बडा धर्माधिकारी राणीच्या मर्जीतून उतरलेला होता आणि परत चढायला उतावीळ होता. जानने त्याला राणीच्या नावाची बनावट पत्रं पुरवली. १७८४च्या ऑगस्टमध्ये रात्रीच्या अंधारात व्हर्सायच्या बागेत राणीच्या चणीची एक पोरगी उभी केली, तिने त्याच्या हातात गुलाब ठेवला, कार्डिनल गार. जानेवारी १७८५ मध्ये त्याने चार-चार लाखांच्या चार हप्त्यांचा करार केला, १ फेब्रुवारीला हार जानच्या घरी पोचला, तिथे सुरीने उचकटला गेला आणि तिच्या नवऱ्याने लंडनला नेऊन हिरे सुटे विकले. करारावर सही काय? 'मारी आंत्वानेत द फ्रान्स'. राण्या सही करताना फक्त नाव लिहितात, हे राजदूत राहिलेल्या, सात पिढ्या दरबारात काढलेल्या माणसाला कळू नये? राजाने त्याला तेच विचारलं. १५ ऑगस्ट १७८५ ला, सणाच्या दिवशी, पूजेच्या झग्यातच अटक झाली.

३१ मे १७८६ ला निकाल लागला. जानला फटके आणि डाग, तिचा नवरा लंडनमध्ये सुखरूप, आणि कार्डिनल निर्दोष! बाहेर लोकांनी त्याचा जयजयकार केला. कारण निर्दोष म्हणजे काय, तर राणी अंधारात परक्या पुरुषाला भेटेल असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे, यावर न्यायालयाचा शिक्का. जिने हार नाकारला, जी बागेत नव्हती, जिची सही नव्हती, तिच्या गळ्यात तो कायमचा पडला. २४० वर्षं होत आली आणि अजून सभागृहात तिच्याच गळ्यात घालता? चोराचं नाव घ्यायला काय होतं?

शेवटाला गिलोटिन, १६ ऑक्टोबर १७९३. खटल्याबद्दल अवाक्षर काढू नका. खटल्याच्या आदल्या दिवशी नेमलेले वकील. त्यांनी मागितलेली मुदत कुणी दिली नाही. आणि तिच्या आठ वर्षांच्या मुलाकडून जबानी वदवून एबेर या क्रांतिकारक पत्रकाराने केलेला आरोप, की आईने या पोराशी नको ते केलं. ती गप्प राहिली. ज्युरीतल्या एकाने उत्तर हवंच म्हटल्यावर म्हणाली, इथे बसलेल्या सगळ्या आयांना मी विचारते. तिला शिव्या घालायला आलेल्या बायकासुद्धा चुळबुळल्या.

पुरे झाली थट्टा. अहो, तिला सोडा असं कोण म्हणतंय? राणी साधीभोळी नव्हती. २६ मार्च १७९२ ला तिने ऑस्ट्रियाचा मुत्सद्दी मेर्सी याला पत्र लिहिलं आणि फ्रान्सच्या मंत्रिमंडळात ठरलेला बेत, एक हल्ला साव्हॉयवर आणि दुसरा लिएजवर, शत्रूला कळवला. महिना उलटायच्या आत, २० एप्रिलला, युद्ध जाहीर झालं. ज्या देशाची राणी, त्याच देशाच्या सैनिकांचा घात. हा गुन्हा खरा आहे, तिच्या हातचा आहे. खटल्यात सरकारी पक्षाकडे हे कागद नव्हते, ते पुढे दप्तरांतून बाहेर आले. तुमच्यापुढे ते छापून तयार आहेत, भाषांतरासकट. तरी तुम्ही केकच घेऊन उभे राहता, कारण पत्र सांगायचं तर आधी ते वाचावं लागतं, आणि तुम्हाला वाचायचंच नाही. मानधन घेता, शाल-श्रीफळ घेता, समोर शाळेतली पोरं वहीत तुमची वाक्यं उतरवून घेत असतात, आणि एका श्रोत्याने उठून 'हे ती कधी म्हणाली?' विचारलं की हसून म्हणता, 'भावना समजून घ्या.' त्याने तारीख विचारली आहे. तारीख सांगा, नाहीतर माहीत नाही म्हणून खाली बसा.