‘सिस्टरना सवय होते’? चार दाव्यांना उत्तर

नर्सेसच्या ग्रुपांवर चार गोष्टी सतत फिरतात. मारहाण आणि मृत्यू पाहून पाहून सिस्टरना सवय होते. फोनवरचं समुपदेशन म्हणजे टाइमपास. बोलायचंच असेल तर प्रसंगाच्या रात्रीच सगळं सांगून मोकळं व्हावं. आणि कुणाला कळलं तर नोकरीवर गदा येते. चारही चुकीच्या आहेत. सर्वांत जास्त नुकसान तिसरी करते.

आधी सवयीचं. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, उतरलं की ते मोजणाऱ्या पल्स ऑक्सिमीटरचा सूर खाली जातो. आयसीयूत काम केलेल्या सिस्टरला तो मॉनिटरकडे न बघता कळतो. तो सूर उतरत असताना रुग्ण गेला असेल, तर कित्येक महिन्यांनी एसी लोकलचं दार बंद होतानाच्या इशाऱ्यानेही छातीत धडधडू शकतं. याला सवय कसं म्हणायचं? काहींना उलट काहीच वाटेनासं होतं, त्या बेडकडे पाय वळत नाही. बाहेरून ते ‘घट्ट मन’ दिसतं, पण बधिरपणा आणि टाळणं ही पीटीएसडीच्या, म्हणजे आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक आजाराच्या, निदानातली लक्षणं आहेत. अशी लक्षणं महिन्याहून जास्त टिकली आणि झोप, काम, घर विस्कटलं, तर तपासून घ्यायलाच हवं.

आता ‘त्याच रात्री सगळं सांगा’. ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात, की पीटीएसडी टाळण्यासाठी प्रसंग तपशिलात उगाळून घेणारी बैठक घेऊ नये. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर हे आणखी बिघडतं: फोटो पडतात, रुग्णाची ओळख उघड होते, वाचणाऱ्या दुसऱ्या सिस्टरची झोप उडते, आणि कुणीतरी झोपेची गोळी सुचवतं. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या-शांततेच्या गोळ्या पहिल्या महिन्यात या त्रासासाठी देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगितलंय. पहिल्या दिवसांत पोटात अन्न, घरापर्यंत सोबत, जमल्यास ड्युटीत बदल आणि ‘बोलावंसं वाटलं तर मी आहे’ एवढंच पुरे. मारहाण झाली असेल तर पोलिसांत तक्रारही द्यावी. आरोग्यसेवकांवरची हिंसा रोखणाऱ्या महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याचं संरक्षण नर्सलाही आहे.

ऑनलाइन म्हणजे टाइमपास, हे बहुधा वाईट अनुभवातून आलेलं मत आहे. नुसतं ‘पॉझिटिव्ह राहा’ ऐकून काही होत नाही, हे खरंच. पण आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला मदत करणारी उपचारपद्धत) साधारण ८ ते १२ सत्रांची असते आणि ती व्हिडिओवरही करता येते. फसतं ते मांडणीत. एका खोलीच्या घरात सासूबाई शेजारी असताना कोण बोलेल? घर रिकामं असेल ती वेळ ठरवा. नाहीच जमलं तर चॅटवर सुरुवात करा. लोकलमध्ये सत्र नको, नाइट संपवून लगेच तर नकोच, आधी झोप. सर्वांत कठीण भाग सांगताना नेटवर्क गेलं की माणूस त्या प्रसंगातच अडकून राहतो. म्हणून पहिल्याच सत्रात ठरवून घ्या, की फोन कट झाला तर दोन मिनिटांत साध्या कॉलवर समुपदेशकच परत फोन करतील. तुमचा पत्ता आणि जवळच्या माणसाचा नंबरही त्यांनी विचारायला हवा. न विचारणारा समुपदेशक जपून निवडावा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर त्यांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा, त्यात संकोच कसला? सत्रानंतर अर्धा तास मोकळा ठेवा.

नोकरीचं थोडक्यात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क तुमचा आहे. जिवाला धोका असल्यासारखे मोजकेच अपवाद. समुपदेशक रुग्णालयाने नेमलेला असेल तर प्रशासनाकडे नेमकं काय जातं, हे आधी लेखी विचारून घ्या.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही. टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ही समुपदेशन सेवा मुंबईचीच. मात्र मरणाचे विचार येत असतील, दारू वाढली असेल किंवा वॉर्डातली औषधं स्वतः घेतली जात असतील, तर स्क्रीनवर थांबू नका. केईएम, नायर किंवा सायनच्या मानसोपचार विभागात जा. एकटीने जाऊ नका, सोबत मैत्रीण न्या.