कॉलम नऊमध्ये नाव आलं म्हणजे जमीन आपली झाली काय?

"आता उतारा ऑनलाइन झालाय, कॉलम ९ मध्ये नाव आलं की मालक तुम्हीच, तलाठी नको, मोजणी नको, कोर्ट नको." हा मेसेज आमच्या खानापूर-बेळगावच्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. काल आमच्या काकांनी पण पाठवला, वर दोन अंगठे लावून.

थोडं खरं आहे त्यात, नाही म्हणत नाही. 'भूमी', म्हणजे कर्नाटकातली कॉम्प्युटरवरची जमीन-नोंद, यायच्या आधी उताऱ्यासाठी तलाठ्याच्या मागं फिरायला लागायचं, मग हातानं लिहिलेले उतारे बंद झाले आणि १५ रुपयांत काउंटरवर प्रिंट मिळायला लागली. पण प्रिंट कशाची? जुन्या वहीत जे होतं त्याचीच की! वहीतली चूक कॉम्प्युटरात गेली, आणि नाव कन्नडमध्ये, ते बरोबर लिहिलंय का हे आमच्यातल्या निम्म्यांना वाचताच येत नाही.

आता मालकी. कर्नाटक भूमहसूल कायदा १९६४, कलम १३३ म्हणतं की नोंद खरी धरायची, पण उलटं सिद्ध होईपर्यंतच. सुप्रीम कोर्टानं तर कितीदा सांगितलंय, फेरफार हा महसुलापुरता, त्यानं मालकी मिळत नाही आणि जात पण नाही. बरं, खरेदीखत रजिस्टर केलं तरी तिथं कागद नोंदवतात, विकणारा खरा मालक आहे का याची हमी सरकार घेत नाही. म्हणून वकील जुने कागद उकरत बसतात, त्यांना हौस नाही.

"मोजणी नको" हे वाचून मला हसूच आलं. आमचंच बघा, उताऱ्यावर १ एकर २० गुंठे, सर्व्हे नंबर एक, कसणारे भाऊ तिघं. पोडी (मोजून हिस्से वेगळे करणं) झालेलीच नाही, म्हणजे कुणाचे २० गुंठे कुठले हे कुठल्याच नकाशावर नाही, फक्त बांधावर आहे आणि बांध दर पावसाळ्यात वीतभर सरकतो (कुणाकडं सरकतो ते घरात विचारू नका). त्यातला तुकडा विकायचा झाला तर ११ ई नकाशा, म्हणजे त्या तुकड्याचा मोजणी नकाशा, लागतो, तो मोबाईल काढून देत नाही, सर्व्हेवाला शेतात यावा लागतो आणि त्याच्यासाठी आम्ही महिने काढलेत. सुधारायचं असेल तर ते सुधारा, माणसं भरा, मोजणी उरका.

आणखी एक, उताऱ्यात नाव नाही म्हणून बहिणीचा हक्क नाही, हे पण त्याच मेसेजमध्ये घुसडलंय. साफ खोटं. रीतसर वाटणी आधीच झाली नसेल तर वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा, हिंदू वारसा कायद्यात २००५ ची दुरुस्ती आहे, आणि वडील त्याआधी वारले असले तरी तो मिळतो हे सुप्रीम कोर्टानं २०२० ला सांगितलं.

काकांना फोन करून एवढंच म्हटलं, आपल्या उताऱ्याचा कॉलम ९ उघडा. तिथं अजून आजोबाच आहेत, जाऊन १७ वर्षं झाली, पौती खातं, म्हणजे वारसांची नावं लावणं, कुणी केलंच नाही. काका जरा गप्प बसले, मग म्हणाले, "आत्याला कळवायचं काय रे?"